नऊ वर्षांची घ्यावी की चार वर्षांची? एका गाडीबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या सुरुवातीचं. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत आणि गाड्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. वर्षं, किलोमीटर आणि तपासणीत जे सापडलं ते तसंच ठेवलंय.

ताई (इथे तेवढंच नाव पुरे) रोज कामाला स्वतः गाडी चालवत जातात. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. त्यातला जवळजवळ निम्मा रस्ता रांगेत, मुंगीच्या चालीने. घरात यजमान, नुकताच गाडी शिकलेला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेले सासरे. गाडी २००९ ची, पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली.

एका सकाळी तापमानाचा काटा चढत गेला. ताईंचं लक्ष पुढच्या रांगेकडे. त्या थांबल्या तेव्हा बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग जिथे बसतो तिथलं सील) गेलं होतं आणि सिलिंडर हेड, म्हणजे तो वरचा भागही वाकला होता. मेकॅनिक सरळ माणूस होता. तो म्हणाला, "हेड प्लेन करून बसवून देतो ताई, पण गॅरंटी मागू नका."

जुन्या गाड्या तपासून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. ताईंचा फोन आला तो याच टप्प्यावर.

अडचण

वेळ तीन आठवडे. तोवर एक सहकारी त्यांना सोबत नेणार होत्या. ठरावीक रक्कम हाताशी, त्यापलीकडे कर्ज. ऑटोमॅटिक गाडीच हवी, कारण डाव्या पायाला आता रोज तासभर क्लच दाबणं नको होतं. आणि घरात दोन तट.

यजमानांचं म्हणणं, "जुनी देऊन पुन्हा जुनीच आणायची असेल तर बदलायची कशाला?" त्यांना चार वर्षांची गाडी हवी होती. ताईंना नऊ वर्षांची एक गाडी आवडली होती, पण धीर होत नव्हता. मला म्हणाल्या, "दादा, गाडी कितीही चांगली असू दे, नऊ वर्षांची म्हटलं की पोटात गोळा येतो."

दोघांचा प्रश्न एकच होता, नऊची घ्यावी की चारची? माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. गाडीला एक वर्ष नसतं, तीन असतात. ती बनली ते वर्ष, नोंदली गेली ते वर्ष, आणि त्या पिढीचं कितवं वर्ष चालू असताना ती कारखान्यातून बाहेर पडली ते. जाहिरातीत दुसरं छापलेलं असतं. किंमत पहिल्यावरून ठरायला हवी. आणि गाडी त्रास देणार की नाही, याचा अंदाज बऱ्याचदा तिसऱ्यावरून येतो.

पिढीचा हिशेब थोडक्यात असा: एखादं मॉडेल साधारण सहा ते आठ वर्षं एकाच मूळ रचनेवर चालतं, मध्ये कुठेतरी फेसलिफ्ट, म्हणजे वरवरचा बदल होतो, मग नवी रचना येते. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत कंपनी स्वतःच शिकत असते. वॉरंटीत परत आलेले भाग बघून पुढे सुटे भाग बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं. शेवटच्या वर्षाची गाडी दिसायला शिळी असते, पण तिच्या बहुतेक खोडी तोवर निघून गेलेल्या असतात. सगळ्याच मॉडेलांचं असं होतं असं नाही. तरीही पहिल्या वर्षाची आणि शेवटच्या वर्षाची गाडी समोरासमोर आली, तर कितवं वर्ष हे मी किलोमीटरच्या आधी विचारतो.

समोरचे पर्याय

रकमा सांगत नाही. चार वर्षांच्या गाडीची मागितलेली किंमत १०० धरतो, बाकीचं त्या मापात.

दुरुस्ती: १९. पण पंधरा वर्षांच्या, एकदा तापलेल्या इंजिनावर. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

'जुनी': २०१५ ची, आधीच्या पिढीच्या नंतरच्या वर्षांतली. ६१,००० किलोमीटर, एकच मालक, वरचं व्हेरियंट, सहा एअरबॅग. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, टायमिंग चेन. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पोचवणारा, सहा गिअरचा. मागणी ६४.

'नवी': त्याच मॉडेलची पुढची पिढी. नोंदणी मार्च २०२०, ४७,००० किलोमीटर, सगळ्यात खालचं व्हेरियंट, दोन एअरबॅग. लहान टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, ड्युअल-क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन क्लच आपोआप चालवणारा, आणि तेही ड्राय, म्हणजे तेलाविना कोरडे. मागणी १००.

नव्या पिढीचीच २०२२ ची एक गाडीही यादीत होती, पण ती १३० च्या वर जात होती. ताईंकडे रोख ७०. म्हणजे 'नवी'साठीसुद्धा ३० कर्ज काढावं लागणार होतं.

तपासणी

आधी 'नवी' पाहिली, कारण घरातलं पारडं तिकडे झुकलेलं होतं.

मी गाडीपाशी गेल्यावर आधी बोनेट उघडत नाही. टायरपाशी बसतो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होता ५११८, म्हणजे २०१८ चा एक्कावन्नावा आठवडा. मार्च २०२० ला नोंदलेल्या गाडीवर डिसेंबर २०१८ चे टायर? एखादा टायर कारखान्यात पडून राहिलेला असू शकतो. पण चारही टायर आणि डिकीतली स्टेपनी, सगळे त्याच दोन-तीन आठवड्यांतले होते.

मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. अगदी तळाशी, जिथे तो खांबात शिरतो तिथे, शिवलेलं एक लेबल असतं आणि त्यावर बनवल्याची तारीख. नोव्हेंबर २०१८. चेसिस नंबरचा दहावा वर्ण 'जे'. सतरा वर्णांच्या या नंबरात दहावं स्थान मॉडेल वर्षाचं: 'एच' म्हणजे २०१७, 'जे' म्हणजे २०१८, 'के' म्हणजे २०१९. मधला 'आय' वगळलेला असतो, कारण आकडा एक आणि 'आय' यांची गल्लत होते. 'ओ' आणि 'क्यू'सुद्धा त्याचसाठी नसतात. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना दहाव्या वर्णाचा हा नियम बंधनकारक आहे. इतरत्र बऱ्याच कंपन्या पाळतात, सगळ्या नाही. म्हणून एकट्या त्या अक्षरावर मी विसंबत नाही. टायर, बेल्ट आणि नंबर तिघे एकच सांगायला लागले, की मग शंका उरत नाही.

ही 'चार वर्षांची' गाडी बनून पाच वर्षं उलटून गेली होती. सव्वा वर्ष ती कुठल्यातरी यार्डात न विकता उभी होती. यात बेकायदा काही नाही. पण ती नव्या पिढीच्या पहिल्या खेपेतली ठरली आणि माझं लक्ष तिथे गेलं. या मॉडेलच्या गिअरबॉक्समधला क्लच पॅक आणि त्याचं कंट्रोल सॉफ्टवेअर २०१९ च्या मध्यात बदललं होतं. आपली गाडी त्या आधीची. सॉफ्टवेअर नंतर अपडेट केल्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये होती, क्लच पॅक मूळचाच.

स्कॅनर लावला. गाडीच्या संगणकात बिघाडाची नोंद, म्हणजे फॉल्ट कोड, एकही नाही. विक्रेता हसला. पण कोड नसणं आणि गाडी निरोगी असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी चालत असताना तिचा संगणक अधूनमधून काही चाचण्या घेत असतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफांची यंत्रणा वगैरे. त्या पुऱ्या झाल्या की नाही, हे स्कॅनरवर 'रेडिनेस'मध्ये दिसतं. कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर येतात आणि पुऱ्या व्हायला वेगवेगळ्या प्रकारचं बरंच चालवावं लागतं. इथे चार चाचण्या अपुऱ्या होत्या.

"बॅटरी कालच बदलली ना, म्हणून," विक्रेता म्हणाला. बॅटरी काढली तरी हे होतं, ते खरं. मी बॅटरीवरचं झाकण उचललं. वर बोटभर धूळ, आणि प्लसच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी. काल बसवलेली बॅटरी इतक्या लवकर म्हातारी होत नाही. मी काही बोललो नाही, यजमानांना फक्त बोट दाखवलं.

पुढचं यजमानांनीच जमवलं. थोडी अनामत देऊन गाडी दीड दिवस मागून घेतली. थंड इंजिनावर सुरू केली, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने नेली, मग रांगेत घातली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा स्कॅनर लावला. चारपैकी तीन चाचण्या पूर्ण झाल्या होत्या आणि एक कोड अर्धवट, 'पेंडिंग' म्हणून उमटला होता: दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं.

हे एखाद्या प्लगवर निभावू शकतं. कॉइल असू शकते. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. जुन्या पद्धतीत ते इनटेक व्हॉल्व्हवर पडतं आणि व्हॉल्व्ह धुतला जातो, इथे तो धुतला जात नाही. वर्षानुवर्षं त्यावर काजळी बसते. ती काढायची तर इंजिनात हवा नेणारं मॅनिफोल्ड खोलावं लागतं. शिवाय अशा लहान टर्बो इंजिनांत, इंजिन हळू फिरत असताना जोर दिला की पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा त्रास असतो. त्यासाठीच २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने इंजिन ऑइलची 'एसएन प्लस' ही श्रेणी आणली, २०२० मध्ये 'एसपी'. या गाडीची शेवटची दोन बिलं बाहेरच्या गॅरेजची होती आणि ऑइल साधं 'एसएन'. एवढ्यावरून इंजिन खराब म्हणता येत नाही. पण मालकाने खर्च कुठे वाचवला, ते कळतं.

रांगेतली गोष्ट वेगळीच. ताई स्वतः चालवत होत्या. चढावर, ब्रेक सोडून गाडी नुसती सरकू दिली की सुटताना एक बारीक थरथर यायची. ड्राय क्लचला थंड करायला तेल नसतं. मुंगीच्या चालीत तो सतत अर्धा घसरत राहतो आणि तापतो. ताईंचा रोजचा अर्धा रस्ता नेमका तसला.

'जुनी' दुसऱ्या दिवशी पाहिली. नऊ वर्षांचे नऊ शिक्के, अधिकृत सर्व्हिसचे. रेडिनेसच्या सगळ्या चाचण्या पूर्ण. सीटबेल्ट तळापर्यंत स्वच्छ, पाण्यात बुडालेल्या गाडीत असते तशी गाळाची रेघ नाही. चेसिस नंबरवरून कंपनीच्या यादीत शोधलं, कुठलंही रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी नाही. एवढ्या वयाच्या गाडीला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) जगभर कोट्यवधी गाड्यांच्या एअरबॅग परत मागवाव्या लागल्या, आणि त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने व दमटपणाने हळूहळू बिघडतं. म्हणजे तो दोष गाडीच्या वयाबरोबर वाढत जाणारा.

दोष होतेच. टायरवर २२१५. खाच चांगली पाच मिलिमीटर, वरून पाहिलं तर कोणीही 'टायर नवे आहेत' म्हणेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली तेव्हा रबरावर केसांसारख्या भेगा. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं. थंड इंजिनावर कूलंटचा वरचा होज दाबला, तो दबेना, पुठ्ठ्यासारखा कडक. सस्पेंशनचे दोन बुश, म्हणजे रबरी जोड, फाटलेले. गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललेलं नाही, कारण माहितीपुस्तिकेत 'आयुष्यभर पुरेल' असं लिहिलेलं. कोणाच्या आयुष्यभर, ते लिहिलेलं नव्हतं.

गाडी कमी चालली म्हणजे ती कमी म्हातारी झाली असं नाही. रबर, तेल आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत नाहीत.

निर्णय कुठे कुठे अडला

तीन ठिकाणी.

पहिला पेच सुरक्षिततेचा, आणि तो सगळ्यात अवघड होता. यजमान म्हणाले, "काहीही म्हणा, नवी पिढी म्हणजे नवी सुरक्षा." हे सहसा खरं असतं. क्रॅश टेस्टचे निकषच दर काही वर्षांनी कडक होतात. युरो एनकॅप या युरोपात क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये समोरासमोरच्या धडकेची चाचणीच बदलली आणि चालता अडथळा आणला. त्यामुळे २०१५ चे पाच तारे आणि २०२० चे पाच तारे शेजारी ठेवून तुलना होत नाही. नवी रचना धडक जास्त चांगली झेलेल, हे मी मान्य केलं.

पण व्हेरियंटचं काय? आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नव्या पिढीत होती ती वरच्या व्हेरियंटमध्ये, आपल्यासमोरच्या गाडीत नाही. युरोपीय संघात ती प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची झाली जुलै २०२४ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ती आहे की नाही, हे वर्षावरून सांगता येत नाही, तीच गाडी उघडून बघावी लागते. उलट, घसरताना गाडी सावरणारं स्थिरता नियंत्रण 'जुनी'त होतंच. अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेल वर्षापासून सक्तीचं आहे, युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून. शिवाय 'जुनी'त पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग होत्या. सासरे मागे खिडकीपाशी बसतात. माझ्या मते हा सामना बरोबरीचा होता. यजमानांच्या मते नव्हता, आणि ते चुकत होते असं मी आजही म्हणणार नाही.

दुसरा पेच पैशाचा. कर्ज देणारे जुन्या गाडीला सहसा व्याज जास्त लावतात आणि मुदत कमी देतात. ताईंना वाटलं होतं की त्यामुळे 'जुनी' महागच पडेल. पण 'जुनी'ला कर्ज लागतच नव्हतं. आम्ही कागदावर सहा वर्षांचा हिशेब मांडला: खरेदी, व्याज, अपेक्षित दुरुस्त्या, वजा सहा वर्षांनी येईल ती विक्री. 'जुनी'च्या दुरुस्त्या मी मुद्दाम सढळ हाताने धरल्या. तरीही ती बरीच स्वस्त पडत होती. फरक मिटायचा तो एकाच शक्यतेत: तिचा गिअरबॉक्स गेला तर. आणि तीच शक्यता 'नवी'च्या बाबतीत मला जास्त वाटत होती.

तिसरा पेच म्हणजे विक्रेत्याची बॅटरीची थाप. तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक. पण त्या क्षणी यजमानांचा सूर बदलला, आणि खरं सांगायचं तर निर्णय तिथेच झाला. हिशेब आम्ही नंतर मांडला. हे मी लिहून ठेवतो, कारण अशा प्रकरणांत सगळं कागदावर तोलून ठरलं असं नंतर सांगायची सवय लागते.

काय केलं

'जुनी'च्या मालकाकडे आम्ही दोषांची यादी घेऊन गेलो. 'गाडी खराब आहे' असा सूर लावला नाही. "गाडी तुम्ही छान ठेवलीत, पण एवढं सामान आम्हाला पहिल्याच महिन्यात बदलावं लागेल," असं सांगून टायरचा आकडा दाखवला. त्यांनी तो नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिला. ६४ ची ५७ झाली. हाताशी १३ उरले, ते वेगळे काढून ठेवायचे ठरलं.

पहिल्या महिन्यात टायर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे होज, बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट, बुश आणि बॅटरी. गिअरबॉक्सच्या ऑइलवर मेकॅनिकशी वाद झाला. त्याचं म्हणणं, एवढी वर्षं हात लावला नाही तर आता लावू नका, बदललं की स्लिप व्हायला लागतो. या म्हणण्यात तथ्य आहे ते पार जळलेल्या गिअरबॉक्सपुरतं, किंवा मशीन लावून जोराने फ्लश केला तर. इथलं ऑइल गडद होतं पण जळका वास नव्हता. म्हणून फ्लश केलं नाही. जेवढं खालून निघतं तेवढं काढून नवं भरलं, आणि पाच हजार किलोमीटरनंतर तेच पुन्हा. या सगळ्याचे मिळून ८.५ गेले.

पुढे काय झालं

दीड वर्षात गाडी सुमारे १९,००० किलोमीटर चालली. इंजिन आणि गिअरबॉक्सने काही मागितलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात मुलाने विचारलं, छतावरचं मदतीचं बटण चालत का नाही? त्यातलं सिम जुन्या पिढीच्या नेटवर्कवर चालणारं, आणि ते नेटवर्क बंद झालेलं. दिवा लागतो, कॉल जात नाही. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं तेव्हा कितीतरी गाड्यांचं असं झालं होतं. मला हे माहीत होतं. तरी तपासणीत ते बटण मी दाबलं नाही.

सातव्या महिन्यात रेडिएटर. वरची टाकी प्लास्टिकची असते, ती जोडावर चिरली. या वेळी ताईंनी काटा हलताक्षणी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. टोइंग आणि नवा रेडिएटर मिळून ३ गेले, इंजिन वाचलं. अकराव्या महिन्यात मागच्या चाकाचं बेअरिंग घूं-घूं करायला लागलं, त्याचे १.५.

हेडलाइटचं दुखणं पहिल्या आठवड्यापासूनचं. काचा पिवळ्या पडलेल्या, आतले बल्ब हॅलोजनचे. ताई अंधारात घरी परततात. आम्ही गाडी दोन्ही वेळा भर दुपारी पाहिली होती. काचा पॉलिश केल्या, रिफ्लेक्टर तपासले, बल्ब बदलले, १ गेला. फरक पडला, पण 'नवी'च्या एलईडीची सर नाही.

एकूण १४. राखीव रकमेपेक्षा एक जास्त.

'नवी' दोन आठवड्यांत विकली गेली. तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. कदाचित एका प्लगवर भागलं असेल आणि घेणारा सुखात असेल.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीची एक फेरी मारली नाही, ही माझी चूक. गाडी ज्या वेळी चालणार त्या वेळी चालवून बघायला हवी होती. तसं केलं असतं तरी 'जुनी'च घेतली असती असं वाटतं, पण काचांचे पैसे किमतीतून कापून घेतले असते आणि ताईंचे पहिले दोन महिने डोळे ताणण्यात गेले नसते.

रेडिएटर यादीत घ्यायला हवा होता. गळत नव्हता म्हणून मी सोडला. होजचं रबर नऊ वर्षांत पुठ्ठा झालं, हे हाताला कळत होतं. त्याच होजच्या टोकाला असलेलं प्लास्टिक तेवढंच जुनं आणि तेवढंच तापलेलं आहे, हे डोक्यात यायला हवं होतं. आता मी साधारण आठ वर्षांपुढच्या गाडीत प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर होजबरोबरच बदलायला सांगतो. काही मेकॅनिक याला उधळपट्टी म्हणतात.

तीन आठवड्यांची मुदत आम्ही दगडावरची रेघ मानली. महिनाभर भाड्याची गाडी घेतली असती तर शोध आणखी एका दिशेने नेता आला असता: आकाराने एक पायरी लहान, २०२० नंतरची, आपल्या पिढीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली, आणि आपोआप ब्रेक असलेली. ताईंच्या रोजच्या रस्त्याला मोठी गाडी लागत नाही. पण सुरुवातच 'हेच मॉडेल, जुनं की नवं' अशी झाली आणि आम्ही तिघेही त्या चौकटीत अडकलो. मी बाहेरचा माणूस. चौकट मोडून बघणं हे माझं काम होतं.

आणि मुलाबद्दल मी विचारलंच नाही. तपासणीच्या वेळी तो मागे बसून स्क्रीनबद्दल बोलत होता, म्हणून आम्ही कोणी त्याला हिशेबात धरलं नाही. आज शनिवार-रविवारी गाडी तोच चालवतो. नवख्या चालकासाठी आपोआप ब्रेक लागणं ही चैन नाही. यजमान अजूनही मला हे ऐकवतात, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नसतं. रेडिएटरच्या दिवशी टोइंगवाल्याची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे असतानाही त्यांनी तेच काढलं होतं. ताई म्हणाल्या, "आधी गाडी घरी जाऊ द्या, मग भांडा."